प्रोग्राममधून बाहेरची कमांड चालवून तिचे आउटपुट पकडणे: चौदाव्या पानाशी अडकणारा ओसीआर

शाईदौत

नमस्कार. आमच्या वाचनालयातील जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅनिंग पूर्ण झाले आहे आणि आता त्या प्रतिमांतून शोधता येईल असा मजकूर काढण्याचे काम सुरू आहे. त्यासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो पुस्तकातील सर्व पानांच्या प्रतिमांची नावे एका यादीच्या फाइलमध्ये लिहितो, ती यादी टेसरॅक्ट या ओसीआर कमांडला, म्हणजे प्रतिमेतील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामला, देतो, भाषा म्हणून मराठी निवडतो आणि आउटपुट फाइलऐवजी थेट स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे कमांडचा मजकूर बाहेर पडण्याच्या नेहमीच्या प्रवाहावर, मागवतो. कमांड सुरू करण्यासाठी सबप्रोसेस मॉड्यूलमधील ‘पोपेन’ वापरले आहे, स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर (चुका व सूचनांचा वेगळा प्रवाह) या दोन्हींसाठी पाइप मागितला आहे, त्यानंतर ‘वेट’ केले आहे आणि प्रोसेस संपल्यावर ‘रीड’ने सगळा मजकूर वाचायचा, अशी रचना आहे.

२४ पानांची एक इंग्रजी पुस्तिका या प्रोग्राममधून सुरळीत पार पडली. मात्र २४० पानांचे मराठी पुस्तक दिले की काही वेळाने सर्व काही थांबते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, सीपीयूचा वापर शून्यावर येतो आणि प्रोग्राम तसाच उभा राहतो. हीच कमांड टर्मिनलवर हाताने चालवली तर पुस्तक शेवटपर्यंत जाते. यादीत दहाच पाने ठेवली तर प्रोग्रामही काम पूर्ण करतो, वीस ठेवली की अडकतो. मराठीच्या प्रशिक्षित डेटा फाइलमध्ये काही दोष असावा का, की एखादे ठराविक पान बिघडलेले आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरवाट

डेटा फाइलही निर्दोष आहे आणि पानही निर्दोष आहे. आपण लिहिलेल्या क्रमातच अडथळा आहे, आणि तो मराठी पुस्तकातच का दिसतो याचे उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे.

पाइप म्हणजे कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मेमरीत राखलेला एक मर्यादित बफर (तात्पुरती साठवण). एका टोकाने एक प्रोसेस बाइट लिहिते, दुसऱ्या टोकाने दुसरी ते वाचते. लिनक्समध्ये २.६.११ या आवृत्तीपासून या बफरची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट आहे. त्याआधी ती ४,०९६ बाइट होती. बफर भरला आणि समोरून कोणी वाचत नसेल तर लिहिणाऱ्या प्रोसेसला कर्नल झोपवतो आणि जागा रिकामी होईपर्यंत तिला उठवत नाही. यात चूक म्हणण्यासारखे काहीच घडलेले नसल्यामुळे कोणताही संदेश येत नाही. तुमचा प्रोग्राम ‘वेट’मध्ये टेसरॅक्ट संपण्याची वाट पाहत आहे, टेसरॅक्ट तुमच्या प्रोग्रामने वाचण्याची वाट पाहत आहे, आणि दोघांपैकी कोणीही पहिले पाऊल टाकू शकत नाही. यालाच डेडलॉक म्हणतात. टर्मिनलवर हा प्रसंग येत नाही, कारण तेथे टर्मिनल सतत वाचत असते.

आता पानांचा हिशोब पाहा. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त, असे प्रत्येकी तीन बाइट घेते आणि मोकळी जागा एक बाइट घेते. पुस्तकाच्या एका पानावर साधारण १,८०० चिन्हे धरली तर मराठी पान पावणेपाच ते पाच हजार बाइटांचे होते. ६५,५३६ ला या संख्येने भागले तर तेरा-चौदा पाने येतात. म्हणून दहा पाने निघतात आणि वीस पानांना प्रोग्राम अडकतो. इंग्रजी पानाचे तेवढ्याच चिन्हांचे १,८०० बाइट होतात, त्यामुळे छत्तीसएक पानांपर्यंत पाइप भरतच नाही आणि तुमची २४ पानी पुस्तिका बफरमध्ये पूर्ण मावली. ती पुस्तिका ४८ पानांची असती तर तीही अडकली असती.

याची खात्री करायची असेल तर प्रोग्राम थांबल्यावर दुसऱ्या टर्मिनलवरून ‘एसट्रेस’ ही, प्रोग्राम कर्नलला करत असलेल्या विनंत्या (सिस्टिम कॉल) दाखवणारी, कमांड टेसरॅक्टच्या प्रोसेस क्रमांकाला जोडून पाहा. ‘राइट’ हा सिस्टिम कॉल, पहिला आर्ग्युमेंट १, आणि ओळ अपुरी राहिलेली, असे दृश्य दिसेल. तो १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट.

उपाय सोपा आहे. ‘वेट’ आणि नंतर ‘रीड’ असे न करता ‘कम्युनिकेट’ वापरावे. ते दोन्ही पाइपांवर एकाच वेळी लक्ष ठेवून ज्यात बाइट आले असतील तो वाचते आणि दोन्ही बंद झाल्यावर प्रोसेस संपल्याची नोंद घेते. क्रम बदलून आधी स्टँडर्ड आउटपुट शेवटपर्यंत वाचले आणि मग स्टँडर्ड एरर वाचले तरी धोका टळत नाही, कारण दरम्यान एररचा पाइप भरू शकतो. पायथन ३.५ पासून ‘रन’ हे फंक्शन आहे आणि ३.७ पासून त्याला ‘कॅप्चर आउटपुट’ हा पर्याय आहे. ते आतून ‘कम्युनिकेट’च वापरते, म्हणून नव्या प्रोग्राममध्ये तेथूनच सुरुवात करावी.

शाईदौत

आपण सांगितल्याप्रमाणे ‘एसट्रेस’ जोडून पाहिले आणि नेमकी तीच अपुरी ओळ दिसली. ‘कम्युनिकेट’ वापरल्यावर संपूर्ण पुस्तक पार पडले. मनःपूर्वक आभार.

यातून दोन प्रश्न उभे राहिले आहेत. पहिला असा की, ‘कम्युनिकेट’ सगळे संपेपर्यंत काहीच परत देत नाही. मोठ्या पुस्तकाला बराच वेळ लागतो आणि तोवर काम कितव्या पानावर आहे हे ग्रंथपालांना दिसत नाही. दुसरा प्रश्न असा की, एररसाठी वेगळा पाइप ठेवण्याऐवजी तो आउटपुटमध्येच मिळवला तर एकच प्रवाह वाचावा लागेल. असे करणे योग्य ठरेल का?

पाणवठा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात ग्रंथाचे नुकसान होण्याचा संभव आहे. ओसीआरच्या बाबतीत दोन्ही प्रवाह एकत्र करू नयेत. टेसरॅक्ट स्टँडर्ड एररवर बरेच काही लिहितो. प्रतिमेत रिझोल्यूशनची नोंद नसेल तर त्याने किती अंदाज धरला ते लिहितो, पानावर अक्षरांना जोडलेली किती लहान चिन्हे (डायक्रिटिक) आढळली त्याची ओळ लिहितो, पान कोरे असेल तर ‘एम्प्टी पेज’ आणि पुढे दोन उद्गारचिन्हे असे लिहितो. प्रवाह एकत्र केले तर या इंग्रजी ओळी कादंबरीच्या परिच्छेदांमध्ये शिरतील. शिवाय त्या जेथे शिरतील ती जागाही खरी नसेल. सी भाषेच्या लायब्ररीत स्टँडर्ड एररला बफर नसतो, तर स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेले नसल्यास त्याला पूर्ण बफर असतो, आणि पाइपच्या बाबतीत तो ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीमध्ये सहसा ४,०९६ बाइटांचा असतो. म्हणजे एका पानाविषयीचा इशारा त्या पानाच्या मजकुराआधीच बाहेर पडतो. नंतर कोणी ओळी वेगळ्या करायला बसले तर कोणता इशारा कोणत्या पानाचा हे कळणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच बफरच्या वर्तनातून निघते. यादीची फाइल दिलेली असताना टेसरॅक्ट प्रत्येक पान घेताना त्या पानाचा क्रमांक आणि फाइलचे नाव स्टँडर्ड एररवर लिहितो, आणि तेथे बफर नसल्यामुळे ती ओळ लगेच पोहोचते. म्हणून मी अशी रचना सुचवीन की स्टँडर्ड आउटपुट थेट एका उघडलेल्या फाइलला जोडावे आणि फक्त स्टँडर्ड एरर पाइपमध्ये घेऊन ओळीओळीने वाचावे. पाइप एकच राहिल्यामुळे आणि तो तुम्ही सतत वाचत असल्यामुळे डेडलॉकचा प्रश्न राहत नाही, फाइलला क्षमतेची ती मर्यादा नाही, आणि पानाचा क्रमांक पडद्यावर दाखवता येतो. तो क्रमांक शून्यापासून सुरू होतो, एवढे ध्यानात ठेवावे. वीज गेली किंवा प्रोग्राम बंद पडला तरी तोवर लिहिलेली पाने डिस्कवर राहतात. वाचनालयाच्या कामात मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

पाने वेगळी करण्यासाठी टेसरॅक्ट ४ पासून प्रत्येक पानानंतर फॉर्म फीड हे चिन्ह येते, म्हणजे १२ क्रमांकाचा बाइट. त्यावर मजकूर तोडावा. पायथनचे ‘स्प्लिटलाइन्स’ मात्र फॉर्म फीडलाही ओळीचा शेवट मानते, त्यामुळे ओळी मोजण्यासाठी ते वापरल्यास हिशोब चुकतो.

तिन्हीसांज

पाइपमधून तुकड्या-तुकड्याने वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सविस्तर लिहिते, कारण मराठी मजकुरात ती हमखास घडते आणि इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला कधीच दिसत नाही.

कमांडचे आउटपुट म्हणजे बाइट असतात, अक्षरे नव्हेत. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ असे तीन बाइट आहे. आपण एका वेळी ४,०९६ बाइट वाचले तर त्या संख्येला तीनने भाग जात नाही, एक बाइट उरतो, आणि मजकुरात मोकळ्या जागाही असल्यामुळे तुकडा कोणत्या बाइटावर संपेल हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा तो एखाद्या चिन्हाच्या मध्येच संपतो. अशा तुकड्याला लगेच ‘डीकोड’ केले, म्हणजे त्यातील बाइटांची अक्षरे केली, तर पायथन चूक दाखवून थांबतो, आणि हे थांबणे खरे तर आपल्या हिताचे असते. त्रासून काही जण चुका दुर्लक्षित करण्याचा, म्हणजे ‘इग्नोर’चा पर्याय देतात. त्यानंतर प्रोग्राम थांबत नाही, पण तुकड्याच्या सीमेवर पडलेले चिन्ह निमूटपणे गळून जाते. ‘राजा’मधील काना गळाला तर ‘राज’ उरते, ‘काळा’मधील गळाला तर ‘काळ’. हे दोन्ही शुद्ध मराठी शब्द आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीतही ते सापडणार नाहीत आणि वाचणाऱ्याला ओसीआरची चूक वाटेल. मूळ पान समोर धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले तरच उलगडा होईल.

योग्य मार्ग दोन आहेत. सगळे बाइट साठवून शेवटी एकदाच ‘डीकोड’ करावे, किंवा टप्प्याटप्प्याने काम करणारा इन्क्रिमेंटल डीकोडर वापरावा, जो अपुरे बाइट स्वतःजवळ ठेवून पुढच्या तुकड्याला जोडतो. ‘पोपेन’ला मजकूर स्वरूप आणि एन्कोडिंग सांगितले तर हा दुसरा मार्ग पायथन आपोआप अवलंबतो.

एन्कोडिंग मात्र स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास पायथन यंत्रणेच्या लोकेलवर, म्हणजे भाषा व प्रदेशाच्या सेटिंगवर, विसंबतो. विंडोजवर तो जुन्या एएनएसआय कोड पेजचा आधार घेतो, आणि देवनागरीसाठी विंडोजने असे कोड पेज कधी दिलेलेच नाही. मराठी आणि हिंदी तेथे केवळ युनिकोडवर चालतात. तेव्हा विंडोजवरील कमांडचे मराठी आउटपुट पकडताना एन्कोडिंग न सांगणे म्हणजे मजकूर बिघडण्याला निमंत्रण आहे.

उत्तरवाट

पाणवठा यांची रचना मला मान्य आहे, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. संपूर्ण पुस्तकाला एकच प्रोसेस न लावता प्रत्येक पानाला स्वतंत्र प्रोसेस लावावी आणि तिचे आउटपुट ‘रन’ने पकडावे, असे मला वाटते. प्रत्येक वेळी मराठीचा डेटा पुन्हा लोड होतो आणि त्यात वेळ जातो, हे खरे आहे. परंतु कमांडकडून आपल्याला तीन गोष्टी मिळतात: आउटपुट, एरर आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा. सगळ्या पुस्तकासाठी एकच प्रोसेस असेल तर एक्झिट कोडही एकच मिळतो आणि तो २४० पानांविषयी फारसे काही सांगत नाही. पानागणिक प्रोसेस असेल तर तिन्ही गोष्टी त्या पानाच्या नावे नोंदवता येतात.

एक्झिट कोड शून्य आला म्हणजे पान नीट वाचले गेले, असे मात्र समजू नये. कोऱ्या ठरवलेल्या पानालाही शून्यच मिळतो आणि ‘एम्प्टी पेज’ हा संदेश केवळ एररमध्ये दिसतो. फिकट छपाईचे पान कोरे ठरवले गेले असेल तर ते एरर जपून ठेवल्यानेच कळते. मोठ्या प्रतिमेमुळे मेमरी संपून कर्नलने प्रोसेस मारली, तर पायथनमध्ये कोड उणे ९ येतो. तीच कमांड शेलमधून, म्हणजे टर्मिनलवरील कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवली असेल तर शेल १२८ मध्ये ९ मिळवून १३७ सांगतो. दोन्हींचा अर्थ एकच आहे.

कातळशिल्प

कमांड देण्याच्या पद्धतीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. मराठी ग्रंथांच्या फाइलनावांत मोकळ्या जागा असतातच, उदाहरणार्थ ‘दिवाळी अंक १९६२’. संपूर्ण कमांड एका ओळीत जोडून ती ‘शेल’चा पर्याय चालू ठेवून दिली, तर शेल त्या नावाचे तीन तुकडे करतो. नावात अर्धविराम किंवा उलटे अवतरणचिन्ह असेल तर त्यापुढील भाग शेल वेगळी कमांड म्हणून चालवतो. ही नावे बाहेरून आलेल्या अपलोडमधील असतील तर अनोळखी माणसाच्या हाती आपला सर्व्हर जातो. कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट सूची म्हणून द्यावेत, म्हणजे मध्ये शेल येतच नाही आणि नाव जसेच्या तसे पोहोचते. नाव संयोगचिन्हाने सुरू होत असेल तर कमांड त्याला पर्याय समजते, यासाठी फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा.

‘शेल’चा पर्याय टाळण्याचे आणखी एक कारण वेळमर्यादेत आहे. ‘रन’ला टाइमआउट दिला आणि तो उलटला, तर पायथन आपल्या थेट चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसला, मारतो. ती चाइल्ड प्रोसेस शेल असेल तर शेल मरतो, पण शेलने सुरू केलेली खरी कमांड जिवंत राहू शकते. तिच्याकडे पाइपचे लिहिण्याचे टोक उघडे असते, पाइप बंद होत नाही, आणि लिनक्सवर पायथनच्या ३.७.५ आधीच्या आवृत्त्यांत टाइमआउट देऊनही ‘रन’ तिची वाट पाहत राहत असे. शेल अपरिहार्य असेल तर नवे सेशन सुरू करण्याचा पर्याय द्यावा, म्हणजे वेळ संपल्यावर संपूर्ण प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवता येतो.

पीडीएफमधून प्रतिमा काढून त्या पाइपने टेसरॅक्टला देणारी ओळ शेलमध्ये लिहिली असेल, तर एक्झिट कोड फक्त शेवटच्या कमांडचा मिळतो. प्रतिमा काढणारी कमांड मध्येच पडली तरी ते लपते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू केल्यास ते उघड होते.

पाणवठा

उत्तरवाट यांचा पानागणिक प्रोसेसचा मुद्दा पटला. माझी रचना दीर्घकाळ चालणाऱ्या एकाच कमांडसाठी अधिक उपयोगी आहे, उदाहरणार्थ एफएफएमपेग या कमांडने ध्वनिफिती रूपांतरित करताना. तेथे लॉग स्टँडर्ड एररवरच येतो. एफएफएमपेग चालू असताना स्टँडर्ड इनपुटही वाचत असतो, म्हणून त्याला इनपुट न वाचण्याचा पर्याय द्यावा किंवा इनपुट रिकाम्या डिव्हाइसला जोडावे. अन्यथा तो मूळ प्रोग्रामसाठी आलेले इनपुट गिळतो.

नदीकाठ

मी नोड आणि जावा वापरते. तेथेही हीच काळजी घ्यावी लागते का?

तिन्हीसांज

होय, फक्त अडचण वेगळ्या रूपाने समोर येते. नोडचे ‘एक्झेक’ दोन्ही पाइप स्वतः वाचते, त्यामुळे तेथे डेडलॉक होत नाही. परंतु त्याची साठवण मर्यादा आवृत्ती १२ पासून सामान्यतः १०,४८,५७६ बाइट आहे, आणि ती ओलांडल्यास चाइल्ड प्रोसेस मारली जाते व आउटपुट अर्धवट राहते. वरच्या हिशोबाने २४० मराठी पाने ही मर्यादा ओलांडतील. शिवाय ‘एक्झेक’ शेलमधून चालते. ‘एक्झेकफाइल’ किंवा ‘स्पॉन’ घ्यावे. जावामध्ये ‘प्रोसेसबिल्डर’ वापरताना दोन्ही प्रवाह वाचण्याची जबाबदारी आपली असते. एकासाठी वेगळा थ्रेड ठेवावा किंवा तो फाइलकडे वळवावा, नाहीतर शाईदौत यांच्यासारखाच डेडलॉक होतो.

शाईदौत

सर्वांच्या सूचनांनुसार प्रोग्राम नव्याने लिहिला. आता प्रत्येक पानासाठी वेगळी प्रोसेस आहे, आर्ग्युमेंट सूचीने दिले आहेत, एन्कोडिंग स्पष्ट लिहिले आहे, आणि आउटपुट, एरर व एक्झिट कोड पानाच्या क्रमांकासह जतन होतात. कोरी ठरलेली पाने वेगळी काढली तेव्हा त्यांत काही फिकट छापलेली पाने खरोखरच सापडली.

शेवटचा प्रश्न असा की, संगणकाला चार कोर आहेत म्हणून चार पाने एकाच वेळी चालवली, तरी वेग अपेक्षेइतका वाढला नाही. यासाठी टेसरॅक्टचे थ्रेड मर्यादित करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असल्याचे वाचले आणि तो ‘पोपेन’च्या ‘एन्व्ह’ पर्यायातून दिला, तर टेसरॅक्ट सापडतच नाही अशी चूक येऊ लागली.

उत्तरवाट

टेसरॅक्ट स्वतः ओपनएमपी या समांतर कामाच्या पद्धतीद्वारे अनेक थ्रेड वापरतो. चार प्रोसेस आणि प्रत्येकीचे अनेक थ्रेड एकाच वेळी कोरसाठी भांडतात, म्हणून वेग वाढत नाही. ओएमपी थ्रेड लिमिट १ ठेवणे योग्यच आहे. मात्र ‘एन्व्ह’मध्ये आपण जे देतो तेवढेच एन्व्हायर्नमेंट चाइल्ड प्रोसेसला मिळते, जुन्यात भर पडत नाही. एकच व्हेरिएबल दिल्यामुळे कमांड कोठे शोधायच्या ते सांगणारा ‘पाथ’ नाहीसा झाला आणि त्याबरोबर टेसरॅक्टचा पत्ताही. आधी ‘ओएस.एन्व्हायरन’ची प्रत घ्यावी, तीत हा व्हेरिएबल घालावा आणि ती प्रत द्यावी. पुढे हा प्रोग्राम ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून रात्री चालवणार असाल तर तेथील ‘पाथ’ सहसा फक्त दोन डिरेक्टरींचा असतो, म्हणून टेसरॅक्टचा पूर्ण मार्गच लिहावा.